यंत्र बदलले तरी चालणारे लिखाण



ह्या व्यासपीठावर बोलण्यासाठी आम्हांला बोलावणे आले तेव्हा चालकांची काहीतरी गफलत झाली असावी असे आम्हांला वाटले. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते लेथवर, कारखान्याच्या गेटवर आणि नगरवाचनालयाच्या बाकावर. कामगार चळवळीवर बोला म्हटले असते तर आम्ही दोन तास बोललो असतो आणि आपण कंटाळला असता. परंतु संगणकाच्या प्रोग्रामांविषयी आम्ही काय बोलणार? चालक म्हणाले, ‘तुम्ही तो विषय स्वतः शिकलात आणि ठेच खाऊन शिकलात, म्हणून तुम्हीच बोला.’ ठेच खाल्ली आहे हे खरे आहे. तेव्हा आज तिच्याविषयीच बोलू.

आपल्यापैकी ज्यांनी वर्कशॉपात दिवस काढले आहेत त्यांना आमची सुरुवात पटेल. इतरांनी दोन मिनिटे सांभाळून घ्यावे. जोसेफ व्हिटवर्थ ह्या इंग्रज यंत्रज्ञाने १८४१ साली स्क्रूच्या आट्यांचे एक माप सुचवले. त्यापूर्वी ज्या वर्कशॉपाचा बोल्ट त्याच वर्कशॉपाचा नट, असा कारभार होता. व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा. पुढे अमेरिकेत ६० अंशांचा आटा रूढ झाला. आम्ही उमेदवार म्हणून कामाला लागलो तेव्हा आमच्या खात्यात दोन्ही जातींचा माल एकाच ट्रेमध्ये पडलेला असे. चार सुती, म्हणजे अर्ध्या इंची बोल्टात इंग्रजी मापाचे इंचाला १२ आटे आणि अमेरिकन मापाचे १३. एकाचा नट दुसऱ्यावर चढवू गेलात तर तो एकदोन आट्यांनंतर अडकतो. अडकला की मनुष्य शिवी देतो, नट काढतो आणि दुसरा शोधतो. नुकसान काही नाही. पण तीन सुती बोल्टाची गोष्ट निराळी. तेथे दोन्ही मापांत इंचाला १६ च आटे. नट सरळ चढतो, पान्याने आवळता येतो, सुपरवायझर बघून पुढे जातो. फरक आहे तो फक्त कोनात, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. आटा आट्यावर पुरता टेकलेला नसतो. भार येतो, यंत्राला हादरे बसतात, आणि काही दिवसांनी तो नट दगा देतो. आमच्या वस्तादांचे म्हणणे असे की अडकणारा नट हा प्रामाणिक नट. चढणाऱ्या परक्या नटाला भ्यावे. हे वाक्य आपण ध्यानात ठेवावे.

आता संगणकाकडे वळू. संगणकाच्या आतल्या यंत्राला फक्त आकड्यांच्या आज्ञा कळतात, आणि प्रत्येक घराण्याच्या यंत्राच्या आज्ञा निराळ्या. मनुष्य मात्र त्याला वाचता येईल अशा भाषेत प्रोग्राम लिहितो. ह्या लिखाणाला आपण मूळ मजकूर म्हणू. त्या मजकुराचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारा जो दुसरा प्रोग्राम, त्याला कम्पायलर म्हणतात. कम्पायलर यंत्रागणिक वेगळा. म्हणून आशा अशी की मूळ मजकूर एकदाच लिहावा आणि यंत्र बदलले की त्या यंत्राच्या कम्पायलरकडून त्याचे पुन्हा रूपांतर करून घ्यावे. ही आशा कितपत खरी ठरते, हाच आजचा विषय.

आरंभी अशी आशाही नव्हती. यंत्र विकणारा आपल्या यंत्राची भाषा देई आणि त्या भाषेत आपण पाचदहा वर्षे पगारपत्रके लिहिली की आपण त्याचे कायमचे बांधील. दुसऱ्याचे यंत्र स्वस्त मिळाले तरी घेण्याची सोय नाही, कारण सारे लिखाण पुन्हा करावे लागणार. वेठबिगारी म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा व्यवहार निराळा समजावून सांगायला नको. ह्यावर पहिली मोठी हालचाल झाली ती १९५९ साली अमेरिकेत. यंत्र विकणारे, यंत्र वापरणारे आणि सरकारी खाती एकत्र बसली आणि त्यांनी कोबोल नावाची सामाईक भाषा आखली. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्राम दोन निराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर, आरसीए ५०१ आणि युनिव्हॅक २ यांवर, किरकोळ फेरफारांनी चालवून दाखवण्यात आला.

दुसरी हालचाल आमच्या अधिक आवडीची आहे, कारण ती सभेच्या ठरावातून निघाली नाही, कामातून निघाली. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची यंत्रणा रचली. ती १९६९ पासून यंत्राच्याच भाषेत होती. १९७३ साली ती रिची यांच्या सी भाषेत नव्याने लिहिली गेली. यंत्रणाच जर यंत्राच्या भाषेत नाही, तर ती दुसऱ्या यंत्रावर का नेता येऊ नये? १९७७ साली ऑस्ट्रेलियातील वोलाँगाँग येथे रिचर्ड मिलर यांनी ती इंटरडेटा ७/३२ वर नेली, आणि त्याच सुमारास स्टीव्ह जॉन्सन व रिची यांनी स्वतंत्रपणे इंटरडेटा ८/३२ वर. एकमेकांपासून हजारो मैल दूर असलेल्या माणसांनी एकाच वेळी एकच गाठ सोडवली. पण आमच्या मते त्याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. स्थलांतर करताना ह्या मंडळींना कळून चुकले की आपण जो मजकूर यंत्रनिरपेक्ष समजत होतो त्यात जागोजागी जुन्या यंत्राच्या सवयी मुरलेल्या आहेत. युनिक्स हे चार अक्षरांचे नाव नव्या यंत्राने जोडीजोडीने उलटे करून ‘एन-यू-एक्स-आय’ असे छापले, अशी एक कथा त्या व्यवसायात आजही सांगतात. कारण सोपे आहे. मोठी संख्या ठेवायला दोन खण लागत असतील तर जड भाग आधी ठेवायचा की हलका भाग, ह्याविषयी यंत्रांत दोन पंथ आहेत. डॅनी कोहेन यांनी १९८० च्या एप्रिल महिन्यात ह्या पंथांना गलिव्हरच्या प्रवासातील नावे दिली. स्विफ्टच्या त्या १७२६ च्या पुस्तकात अंडे जाड टोकाकडून फोडावे की बारीक टोकाकडून ह्यावरून राज्ये लढतात. नाव चिकटले ते चिकटलेच.

असो. हे सगळे आम्ही पुस्तकांतून पुढे वाचले. आमची ठेच त्याआधीची.

१९९६ साली आमच्या इंजिनिअरिंग कामगारांच्या युनियनच्या कचेरीत एक जुना संगणक आला. एका कारखान्यात कंत्राटी कामगारांचा प्रश्न आम्ही हाती घेतला होता. त्या काळच्या कायद्यात एका वर्षात २४० दिवस काम केले हे दाखवणे फार महत्त्वाचे असे, आणि ते दाखवण्याचा भार कामगारावरच पडे. कंत्राटदाराचे मस्टर कामगाराच्या हाती येत नाही. म्हणून गेटवरचा आमचा एक प्रतिनिधी दररोज वहीत हजेरी टिपे आणि महिनाअखेर ती संगणकात चढे. त्यासाठी एका सभासदाच्या मुलाने, जो तेव्हा पॉलिटेक्निकला होता, सी भाषेत एक प्रोग्राम लिहून दिला. डॉसवर, टर्बो सी नावाच्या कम्पायलरने. एक पैसा घेतला नाही. पोरगा हुशार होता आणि प्रोग्राम अकरा वर्षे बिनतक्रार चालला. त्या मुलाला आम्ही बोल लावीत नाही. त्याला जे शिकवले गेले तेच त्याने केले.

२००७ साली तो संगणक बंद पडला. तबकडी मात्र शाबूत होती. वह्यांचे काय झाले म्हणाल, तर त्यांतल्या बऱ्याचशा वाळवीने खाल्ल्या होत्या आणि आम्ही ‘संगणकात आहे ना’ म्हणून स्वस्थ होतो. आम्ही वर्गणी काढून नवा संगणक घेतला, त्यावर लिनक्स बसवले, आणि ओळखीच्या एका कार्यकर्त्याने तो जुना मूळ मजकूर नव्या कम्पायलरला दिला. पडदा पुसणे, रंग बदलणे, असल्या आठदहा ओळी होत्या. त्या डॉसच्याच घरच्या. कम्पायलरने त्या साफ नाकारल्या. त्या आम्ही काढून टाकल्या. बाकीचा मजकूर त्याने एकही हरकत न घेता घेतला. आम्ही पेढे आणले.

दुसऱ्या दिवशी यादी काढली. पहिलाच बिल्ला नंबर आला १,०९,४८,४४,८२८. त्या कामगाराचा खरा बिल्ला नंबर होता ४१२. पुढच्या नावांच्या जागी चिन्हांचा चिखल. एका गड्याची हजेरी एका महिन्यात बारा हजार दिवस. आणि हे सगळे घडले ते लेबर कोर्टात मस्टर हजर करण्यासाठी आमच्या अर्जाला तक्ता जोडायचा होता त्या आठवड्यात.

काय झाले होते ते सांगतो, कारण विषयाचा गाभा येथेच आहे. त्या मुलाने प्रत्येक कामगाराची नोंद अशी रचली होती: आधी बिल्ला नंबर, मग नावासाठी ३१ खण, मग बारा महिन्यांचे बारा आकडे. आकड्यांसाठी सी भाषेतला ‘इंट’ हा प्रकार वापरला होता. त्या जुन्या कम्पायलरच्या घरी इंटला दोन खण मिळत. म्हणजे नोंद झाली २ अधिक ३१ अधिक २४, एकूण ५७ खणांची. ह्या नोंदी त्याने यंत्राच्या स्मरणात जशा होत्या तशाच्या तशा फाइलीत ओतल्या होत्या. नव्या कम्पायलरच्या घरी इंटला चार खण. शिवाय चार खणांची वस्तू चारच्या पटीतल्या जागेवरच सुरू करायची ही त्याची शिस्त. म्हणून नावानंतर त्याने एक खण रिकामा सोडला. चार, एकतीस, एक, आणि बारा चोक अठ्ठेचाळीस, म्हणजे ८४. तेव्हा ५७ खणांच्या नोंदी ८४ खणांच्या मापाने मोजल्या जात होत्या. पहिली नोंद वाचतानाच दुसऱ्या नोंदीचे २७ खण गिळले जात. आणि बिल्ला नंबरात त्या कामगाराच्या नावाची इंग्रजी स्पेलिंगातली पहिली दोन अक्षरे, ‘बी’ आणि ‘ए’, आकडे म्हणून मिसळली जात. एकशे नऊ कोटींचा बिल्ला तेथून आला. मूळ मजकुराचे एक अक्षरही बदलले नव्हते.

रंगाच्या त्या आठदहा ओळी हा चार सुती बोल्ट. त्या अडकल्या, कळले, सुटले. ही नोंदीची रचना तीन सुती बोल्ट. कम्पाइल होणे आणि बरोबर चालणे ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

नोंदी अखेर सुटल्या. तो मूळचा मुलगा तोवर परगावी नोकरीला होता. फोनवर त्याने ऐकून घेतले आणि एका रात्रीत वीस ओळी लिहून पाठवल्या. त्या ओळी फाइल एकेक खण करून वाचीत: पहिला खण घ्या, दुसऱ्याला २५६ ने गुणा, मिळवा, तो बिल्ला नंबर. हा हिशेब कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही पंथाच्या, तोच येतो. परंतु तोवर आमची तारीख गेली होती. पुढची तीन महिन्यांनी पडली. त्या तीन महिन्यांत चार कामगारांनी कंत्राटदाराने देऊ केलेली किरकोळ रक्कम उचलली आणि दावा सोडून दिला. घरात खाणारी तोंडे होती. त्यांना आम्ही काय सांगणार होतो? चौघांपैकी एक बाजारात भेटतो तेव्हा आजही ‘दादा, तुमचा कम्पुटर काय म्हणतो?’ असे विचारतो. हसून विचारतो.

त्यानंतर आम्ही सी भाषा शिकायला घेतली. कर्निघन आणि रिची यांचे पुस्तक जुन्या बाजारातून आणले. इंग्रजी शब्दकोश शेजारी ठेवून वर्षभर वाचले. आणि वाचता वाचता आमच्या ध्यानात आले की हा प्रांत आम्हांला अगदीच अनोळखी नाही. ही तर कराराची भाषा आहे!

सी भाषेचे प्रमाणपत्रक अमेरिकेत १९८९ साली संमत झाले आणि १९९० साली ते आंतरराष्ट्रीय झाले. मागाहून १९९९, २०११ आणि २०२४ साली सुधारलेली पत्रके निघाली. हे पत्रक म्हणजे प्रोग्राम लिहिणारा आणि कम्पायलर बनवणारा यांच्यातला लेखी करार. आमच्या धंद्यात करार वाचताना आम्ही आधी पाहतो ते हे की मालकाने कशाचे वचन दिले आहे, कशाचा अधिकार स्वतःकडे ठेवला आहे, आणि कशाविषयी तोंड मिटले आहे. ह्या पत्रकातही तसेच आहे. इंटमध्ये निदान ३२,७६७ पर्यंतची संख्या मावेल हे वचन. प्रत्यक्षात किती मावेल हे कम्पायलरवाल्याने ठरवावे, मात्र ते लिहून जाहीर करावे. कारखान्याच्या फाटकावर स्थायी आदेश टांगीत, तसे. आणि काही गोष्टींत पत्रक स्पष्ट सांगते की येथे कसलेही वचन नाही, काहीही घडेल. कच्चा प्रोग्राम लिहिणारा पत्रक वाचत नाही. तो आपल्या यंत्रावर चालवून बघतो, चालले म्हणजे तो हक्क समजतो.

१९८० च्या आसपास व्हॅक्स नावाचे यंत्र फार लोकप्रिय होते. त्यावरच्या युनिक्समध्ये रिकामा पत्ता, म्हणजे कोठेच न नेणारा पत्ता, वाचला तरी शून्य मिळत असे. असे मिळावे हे कोणी लिहून दिले नव्हते. पण अनेकांनी त्यावर विसंबून लिखाण केले. तेच लिखाण दुसऱ्या यंत्रांवर गेले आणि जागच्या जागी कोसळले. रिवाजाला हक्क समजल्याचे हे फळ.

येथे आमच्या व्यवसायातील एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ होते. एखादी रिवाजाने चालत आलेली सवलत काढून घ्यायची तर मालकाने आधी नोटीस द्यावी आणि एकवीस दिवस थांबावे, असे ते कलम सांगे. चहाची सुट्टी करारात लिहिलेली नसेल, पण वीस वर्षे मिळत आली आहे, तर ती एका सकाळी बंद करता येत नसे. ह्या कलमाने आमच्या कितीतरी लढायांना बूड दिले. संगणकाच्या जगात ९-अ नाही. उदाहरण देतो. दोन धन संख्यांची बेरीज इंटमध्ये मावली नाही तर काय होईल ह्याचे पत्रकात वचन नाही. बहुतेक यंत्रांवर उत्तर गुंडाळून ऋण होई. हुशार लोकांनी त्याचाच पहारा केला: बेरीज जर मूळ संख्येपेक्षा लहान आली तर समजावे की संख्या उतू गेली. वर्षानुवर्षे हा पहारा चालला. पुढे कम्पायलर अधिक चाणाक्ष झाले. ते म्हणू लागले, संख्या उतू जाणे करारात बसतच नाही, म्हणजे ते घडणारच नाही, म्हणजे हा पहारा निरर्थक. आणि त्यांनी पहारेकरीच काढून टाकला! नोटीस नाही, एकवीस दिवस नाहीत. रागावून उपयोग नाही. कम्पायलरवाल्याची बाजू कायद्याने बरोबर आहे. शहाण्याने बेरीज करण्याआधीच जागा उरली आहे की नाही ते तपासावे. ते करारात बसते.

मग यंत्र बदलले तरी चालावे असे लिहिणारा मनुष्य काय करतो? तो विशेष हुशारी करीत नाही, उलट हुशारी आवरतो. संख्येला अमुकच जागा हवी असेल तर तो ‘इंट’ किंवा ‘लाँग’ असे मोघम लिहीत नाही. लाँगचे तर असे आहे की ६४ बिटांच्या लिनक्सवर त्याला ६४ बिट मिळतात आणि ६४ बिटांच्याच विंडोजवर ३२. १९९९ च्या पत्रकाने नेमक्या मापाचे प्रकार दिले आहेत, ते तो वापरतो. फाइलीत काय कोणत्या क्रमाने जाईल हे तो स्वतः ठरवतो, कागदावर लिहून ठेवतो, आणि एकेक खण करून लिहितो, म्हणजे फाइल यंत्राची न राहता आपली राहते. फाइलीच्या नावांत लहानमोठ्या इंग्रजी अक्षरांचा घोळ करीत नाही, कारण विंडोज तो पोटात घालते आणि लिनक्स घालत नाही. आणि एका घरच्या कम्पायलरवर विसंबत नाही. दोनतीन निराळ्या घरच्यांकडून तपासून घेतो, सगळे इशारे वाचतो.

तरीही काही गोष्टी यंत्रागणिक निराळ्या कराव्याच लागतात. त्या वेळी नवशिका मजकुरात जागोजागी ‘हे यंत्र असेल तर असे, ते असेल तर तसे’ अशा अटी पेरतो. हेन्री स्पेन्सर आणि जेफ कोलियर यांनी १९९२ साली ह्या सवयीवर एक निबंध वाचला. असल्या अटींचे रान माजले म्हणजे मजकूर वाचता येत नाही आणि कुठल्याच यंत्रावर त्याची खात्री देता येत नाही, हे त्यांनी दाखवले. त्यांची वाट अशी की यंत्राशी बांधलेले काम एका वेगळ्या फाइलीत कोंडावे, त्याला एक साधे दार ठेवावे, आणि बाकीच्या मजकुराने त्या दारातूनच बोलावे. नवे यंत्र आले तर ती एक फाइल नवी लिहायची. आमच्या मनाला आणखी एक गोष्ट फार पटली. यंत्राला त्याचे नाव विचारू नये, त्याला काय येते ते विचारावे. नाव ऐकून गुण ठरवणे ही सवय माणसांच्या बाबतीत आपल्या समाजाला किती महागात पडली आहे हे ह्या सभेत सांगायला नको. अमुक यंत्र आहे म्हणजे त्यात अमुक सोय असणारच असे धरून चालणारा प्रोग्राम त्याच नावाच्या पुढच्या आवृत्तीवर फसतो. ‘ही सोय आहे काय?’ असे विचारून बघणारा, आणि नसल्यास मुकाट्याने पुढे न जाता ठणकावून थांबणारा, टिकतो.

मराठी माणसाला ह्या प्रश्नाची झळ आणखी एका ठिकाणी बसली आहे. पंधरावीस वर्षांपूर्वीपर्यंत आपण संगणकावर मराठी टंकलेखन करीत होतो ते कसे? इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी अक्षरांची चित्रे चढवून. ते टंक ज्या यंत्रात असत त्यात मजकूर मराठी दिसे. दुसऱ्यात नेला की इंग्रजी अक्षरांचा कचरा. किती स्मरणिका, किती संस्थांचे इतिवृत्तान्त असे कचरा होऊन पडले आहेत! १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे. तरी तो सर्वांच्या टेबलावर पोचायला बराच काळ गेला. ते क्रमांक फाइलीत मांडण्याची आज सर्वत्र रूढ असलेली रीत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ च्या सप्टेंबरात आखली. तिच्यात देवनागरीच्या दर वर्णाला, मात्रेला आणि हलन्ताला तीन खण लागतात. आमच्या जुन्या नोंदीत नावाला ३१ खण होते, त्यांतला एक शेवटच्या खुणेचा. ‘ज्ञानेश्वर’ एवढे लिहिले की बरोबर ३० खण भरतात, आणि आडनावाला जागाच उरत नाही. एक अक्षर म्हणजे एक खण, हाही असाच एका घरचा रिवाज होता.

कोणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला? १९९५ साली निघालेल्या जावासारख्या भाषांत मजकूर एका कल्पित यंत्रासाठी लिहितात आणि ते कल्पित यंत्र सर्वत्र असते. ही सोय चांगली आहे, ज्यांना परवडते त्यांनी जरूर घ्यावी. पण ते कल्पित यंत्र प्रत्येक खऱ्या यंत्रावर नेऊन बसवण्याचे काम कोणीतरी सी आणि सी++ मध्ये करतच असतो. ओझे नाहीसे होत नाही, दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. आणि उलट बाजूचेही सांगितले पाहिजे. जगात कोणाच्याच टेबलावर नाही अशा यंत्राची काळजी वाहत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे. आम्ही स्वतः त्या आजारातून गेलो आहोत. ठेचेनंतर दोन वर्षे आम्ही इतके सावध झालो होतो की वर्गणीच्या पावतीचा प्रोग्राम पुरा होईना, आणि खजिनदार हाताने पावत्या फाडीत होते.

आता आमच्या कचेरीत तोच हजेरीचा प्रोग्राम, नव्याने लिहिलेला, तीन यंत्रांवर चालतो: एक विंडोजचा, एक लिनक्सचा, आणि एक तळहाताएवढी पाटी, जिच्यातले यंत्र आर्म घराण्याचे आहे. ती पाटी आणली त्या शनिवारी प्रोग्राम कम्पाइल झाला आणि यादी वाचता वाचता थांबेचना. तासाभराने कारण सापडले. फाइल संपली हे सांगण्यासाठी उणे एक ही खूण मिळते, आणि आम्ही ती एका खणाच्या ‘कॅर’ प्रकारात घेत होतो. आधीच्या दोन यंत्रांवर कॅरमध्ये उणे संख्या राहते. पाटीवरच्या लिनक्समध्ये राहत नाही, तेथे तिचे २५५ होतात, आणि २५५ म्हणजे उणे एक नव्हे. दोन्ही रीती पत्रकाला मान्य आहेत. चूक आमची होती, आणि ती कर्निघन-रिचीच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात बजावलेली आहे. कॅरच्या जागी इंट लिहिले. चहा गार झाला होता.

एक काम बाकी आहे. युनिक्सच्या घराण्यात वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, आणि जुन्या लिखाणात ती संख्या ३२ बिटांत ठेवलेली असते. तिच्यात २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जागा नाही. ती जागा आपल्या घड्याळाप्रमाणे १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरते. आमचा प्रोग्राम आम्ही तपासला आहे. फाइलीतल्या तारखेला आता आठ खण आहेत. पण कचेरीत बाहेरून आलेले आणखी दोन प्रोग्राम आहेत, ज्यांचा मूळ मजकूर आमच्याजवळ नाही. ज्यांनी ते दिले त्यांना आम्ही पत्र लिहिले आहे आणि पोच मिळाली आहे, उत्तर आलेले नाही. तो दिवस मंगळवारचा आहे. तोवर कचेरीत कोण बसत असेल ते ठाऊक नाही, म्हणून तारीख, वेळ आणि त्या दोन प्रोग्रामांची नावे एका कागदावर लिहून तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला आहे.